जपान समजून घेताना (भाग ७) : माळवद आणि कौलं

लातूर-नांदेडकडून येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो : जपानी माणूस भूकंपातही इतका शांत कसा राहतो? बहुतेकांनी उत्तरही स्वतःच दिलेलं असतं. ‘त्यांच्या रक्तातच शिस्त आहे.’ मला हे उत्तर अजिबात पटत नाही, आणि लातूरकरांना तर ते मुळीच पटू नये.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. माणसं मेली ती जमिनीमुळे नव्हे, घरांमुळे. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, वर लाकडी खण आणि त्यावर माळवद. पावसाळ्याआधी मातीचा नवा थर चढवायचा, म्हणजे छत वर्षागणिक जड होत जायचं. उन्हाळ्यात घर गार ठेवणारं तेच माळवद त्या पहाटे अंगावर आलं.

सव्वा वर्षानं, १७ जानेवारी १९९५ला पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी, जपानमधलं कोबे हादरलं. ६,४३४ माणसं गेली. त्यातली बहुतेक जुन्या लाकडी घरांखाली चिरडून. या घरांची कौलं मातीत बसवलेली, भारी वजनाची. कशासाठी? तर वादळात उडू नयेत म्हणून. आपण ऊन अडवायला छत जड केलं, त्यांनी वारा अडवायला. भूकंपात दोन्हीकडे त्याच वजनानं घात केला.

त्या वेळी जपान सरकारची धावाधावही उशिराच झाली. लष्कराची मदत वेळेवर पोहोचली नाही, म्हणून तिथल्या वर्तमानपत्रांनी सरकारला धारेवर धरलं. ढिगाऱ्यातून लोकांना बाहेर काढलं ते मुख्यतः शेजाऱ्यांनी, जसं किल्लारीतही घडलं. पण पुढची गोष्ट महत्त्वाची. १९७८च्या मियागी भूकंपानंतर जपाननं १९८१मध्ये बांधकामाचे नियम कडक केले होते. कोबेत त्या नियमांनंतरची घरं बरीचशी तगली, आधीची कोसळली. हे दिसताच त्याच वर्षी जुन्या इमारती मजबूत करण्यासाठी वेगळा कायदा आला. प्रत्येक भूकंपानंतर एखादा नियम, एखादी सवय वाढत गेली. ज्याला आपण जपानी स्वभाव म्हणतो, तो पुष्कळसा असा साठत आलेला आहे.

दरवर्षी १ सप्टेंबरला तिथे शाळाशाळांतून भूकंपाची तालीम होते. कित्येक शाळांत मुलांच्या खुर्चीवर एक जाड गादीवजा टोपी असते. एरवी बसायला, धक्का बसला की डोक्यावर. मुलं टेबलाखाली शिरतात, टेबलाचे पाय धरून बसतात. मराठवाड्यातून गेलेला माणूस मात्र दाराकडे धावतो आणि मग ओशाळतो. ओशाळण्याचं कारण नाही. दगड-मातीच्या घरात टेबलाखाली बसून काय होणार? तिथे बाहेर पळणंच शहाणपणाचं. जपानी घर उभं राहील असं बांधलेलं असतं, धोका असतो तो कपाटं कोसळण्याचा आणि बाहेर काचा पडण्याचा. मोठ्या धक्क्यात गॅसचं मीटरही आपोआप पुरवठा तोडतं, म्हणून शेगडीकडे धावायचं नाही. ही शांतता घराच्या भरवशावर उभी आहे.

आता जपानच्या कौतुकात बुडालेल्यांसाठी थोडं कडू. १ सप्टेंबर ही तारीख १९२३च्या कांतो भूकंपाची. दुपारच्या स्वयंपाकाची वेळ, टोकियो-योकोहामा जळत गेलं आणि लाखभर माणसं मेली. ‘कोरियन लोक विहिरींत विष टाकताहेत’ अशी अफवा उठली. जमावांनी, काही ठिकाणी सैनिक-पोलिसांनीही, निरपराध कोरियन लोकांच्या कत्तली केल्या. रक्तात शिस्त असती तर हे घडलं नसतं. त्या मृतांच्या स्मृतिसभेला टोकियोच्या राज्यपाल २०१७पासून शोकसंदेशही पाठवत नाहीत.

जुन्या जपानी समजुतीत जमिनीखाली एक अजस्र मासा असतो, नामाझू. काशिमाचा देव त्याला शिळेखाली दाबून ठेवतो. देवाचं लक्ष चुकलं की मासा वळवळतो. आपला शेषनाग आठवेल. पण १८५५च्या एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, भूकंपानंतर निघालेल्या चित्रांत या माशाभोवती सुतार-गवंडी खुशीत दिसतात, कारण पुनर्बांधणीत त्यांचीच चांदी झाली. शोकातही अशी तिरकी थट्टा करणारा हा समाज पर्यटनाच्या पत्रकांत भेटत नाही.

मराठवाड्यात जपानी शिकण्याची हौस नवी नाही. तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेतली मुलं रोबोटच्या ओढीनं ही भाषा निवडतात, ही बातमी २०२०मध्ये गाजली. लातूर पॅटर्नच्या जोरावर कुणीही २,१३६ नित्योपयोगी कांजी अक्षरं पाठ करील, यात मला शंका नाही. परीक्षा त्यानं निघेल. समाज कळायला मात्र त्यांचे कायदे, त्यांची घरं आणि त्यांनी केलेल्या चुकाही वाचाव्या लागतील.

नांदेडच्या लोकांनी २००६पासून काही काळ जमिनीखालचे आवाज आणि बारीक धक्के सोसले आहेत. २१ मार्च २०२४च्या सकाळी हिंगोलीत केंद्र असलेल्या ४.५ तीव्रतेच्या धक्क्यानं पुन्हा सगळे रस्त्यावर आले. मुख्याध्यापकांना विनंती : येत्या ३० सप्टेंबरला श्रद्धांजलीनंतर दहा मिनिटं काढून वर्ग रिकामा करण्याची तालीम घ्या. इमारत जुनी असेल, तर आधी अभियंत्याला बोलावून तिचं छत दाखवा.

पुढच्या आठवड्यात : जपानी शाळेतलं जेवण, आणि ते मुलंच का वाढतात.