दोन म्हातारे

आमच्या गच्चीवर एक म्हातारा राहतो. दीड हात उंच, अंगभर पांढरी लोकर पांघरलेला हा निवडुंग मी अकरा वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून आणला. कुंडीत खोचलेल्या पट्टीवर ‘सेफॅलोसिरियस सेनिलिस’ असे लिहिले होते. ‘सेनिलिस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ वृद्धाचा. इंग्रजीत याला ‘ओल्ड मॅन कॅक्टस’ म्हणतात. नाव इतके चपखल बसत होते, की ते तपासून पाहावे असे मला कधी वाटलेच नाही.

तशी वेळ आली ती नाशिकच्या धाकट्या बहिणीमुळे. तिनेही तसाच पांढऱ्या केसांचा निवडुंग घेतला. पट्टीवर नावही तेच. ‘ताई, पाणी किती घालू गं?’ तिने फोनवर विचारले. मी जाणकाराच्या थाटात सांगितले, ‘माझ्या झाडाला मी पावसाळ्यातसुद्धा आठवड्याला एकदा घालते. काही होत नाही त्याला.’ श्रावण सरायच्या आत तिचे झाड बुडापासून कुजले. दिवाळीला येताना तिने तो वाळका बुंधा पिशवीत घालून आणला, माझ्या कुंडीशेजारी ठेवला आणि म्हणाली, ‘ताई, हे दोघे भाऊ काही वाटत नाहीत.’

मी भिंग घेऊन बसले. निवडुंगाच्या खोडावर उभे कंगोरे असतात आणि त्या कंगोऱ्यांवर ओळीने छोट्या गादीसारखे ठिपके असतात. त्यांना एरिओल म्हणतात. काटे, केस, फुले सारे काही या ठिपक्यांतूनच उगवते. आपल्याकडच्या कुंपणाच्या दुधाळ निवडुंगाला ही गादी नसते; तो मुळी कॅक्टस कुळातलाच नव्हे. तेव्हा ओळख पटवायची ती इथून.

बहिणीच्या झाडाचे केस राठ, लांब आणि विंचरल्यासारखे खाली लोंबणारे होते. हे केस म्हणजे खरे तर रूप पालटलेले काटेच. त्यांच्या आड पिवळसर, टोकदार काटे दडलेले होते. माझ्या झाडाची लोकर मात्र पिंजलेल्या कापसासारखी मऊ. ती खाली लोंबत नव्हती, तर कोळ्याच्या जाळ्यासारखी खोडाभोवती गुंतली होती आणि आखूड काट्यांची टोके तिच्यातून जागोजाग डोकावत होती. शिवाय माझ्या झाडाला दोन वर्षांपूर्वी बुडाजवळ फांदी फुटली होती. सेनिलिस सहसा एकखांबीच वाढतो. ती फांदी पाहून मी खूष झाले होते. तेव्हाच शंका यायला हवी होती.

माझा म्हातारा निघाला ‘एस्पोस्टोआ लॅनाटा’. लॅनाटा म्हणजे लोकरीचा. हा पेरूच्या उत्तर भागातला आणि इक्वेडोरच्या दक्षिणेकडचा रहिवासी, सेनिलिस मेक्सिकोचा. दोघांच्या गावांत हजारो किलोमीटरचे अंतर आणि कॅक्टस कुळातल्या त्यांच्या शाखाही वेगळ्या. मग सोंग सारखे कसे? रखरखीत ऊन, कोरडी हवा आणि रात्रीचा गारठा दोघांच्याही वाट्याला आला. पांढरी लोकर ऊन परतवते, खोडाला सावली देते, थंडीतही आधार देते. गरज सारखी, म्हणून उत्तरही सारखे निघाले. पक्षी आणि वटवाघूळ या दोघांना पंख आहेत, म्हणून काही ते सख्खे होत नाहीत, तसेच हे.

मोठ्या झाडांत फरक आणखी सोपा होतो. दोघांनाही वय झाल्यावर खोडाच्या एका अंगाला दाट लोकरीचा पट्टा येतो आणि फुले त्यातूनच रात्री उमलतात. एस्पोस्टोआचा हा पट्टा खोडातल्या खाचेत रुतलेला असतो. सेनिलिसचा तसा नसतो. पण सेनिलिसला फुलण्याआधी दहा-वीस वर्षे लागतात आणि कुंडीत तर तो क्वचितच फुलतो. म्हणून आपल्याला केसांवरूनच ओळखायला शिकले पाहिजे. अँडीज पर्वतातल्या ओरिओसिरियसलाही लोकर असते, पण तिच्यातून दाभणासारखे जाड, लांब काटे बाहेर येतात. बोलिव्हियाकडचा क्लिस्टोकॅक्टस स्ट्रॉसी लांबून लोकरीचा भासतो. जवळून पाहिले की ते बारीक पांढरे काटे असल्याचे कळते.

कुणी म्हणेल, नावात काय आहे? आहे. एस्पोस्टोआ उबदार दिवसांत पाणी बऱ्यापैकी सोसतो. सेनिलिस चुनखडीच्या उतारांवर वाढणारा. त्याच्या मुळांशी ओल साचली की तो कुजतो. आपल्या पावसाळ्यात त्याला छपराखाली आणि जवळजवळ कोरडेच ठेवावे लागते. मी चुकीच्या नावावर विसंबून सल्ला दिला आणि बहिणीचे झाड गेले.

दुसरे कारण अधिक मोठे आहे. सेनिलिस मुख्यतः मेक्सिकोच्या हिदाल्गो आणि वेराक्रुझ राज्यांतच आढळतो आणि धोक्यात आलेल्या वनस्पतींच्या जागतिक यादीत त्याची नोंद आहे. बागांच्या हौसेपायी रानातली झाडे उपटली गेली. हिदाल्गोतल्या मेत्झतित्लानच्या दरीला 2000 साली राखीव जीवावरणाचा दर्जा मिळाला. 1973 च्या ‘सायटिस’ करारानुसार निवडुंगांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. भारत 1976 पासून या कराराचा सदस्य आहे. सेनिलिस बियांपासून रोपवाटिकेत चांगला वाढतो, तेव्हा घ्यायचे तर तसलेच लहान रोप घ्यावे. खरचटलेले, मुळे तोडलेले मोठे झाड कुणी दाखवले, तर ते कुठून आले हे आधी विचारावे.

मी कुंडीतली पट्टी बदलली. बहिणीने यंदा बियांपासून वाढवलेले बोटभर रोप आणले आणि मला फोन केला. या खेपेला मी पाण्याचे काहीच सांगितले नाही. म्हटले, ‘आधी भिंग घे, केस कसे आहेत ते सांग.’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)