हातांनी चालणारी सायकल

धार असो की देवास, हाताने पॅडल फिरवून चालवायची तीनचाकी आम्हां माळवेकरांच्या परिचयाची आहे. वाहन म्हणून तिचे मोल आपण जाणतो. परंतु ती व्यायामाचेही उत्तम साधन आहे, हे सहसा ध्यानी येत नाही.

कल्पना जुनीच आहे. न्युरेंबर्गचा स्टीफन फार्फलर हा अपंग घड्याळजी. त्याने १६५५ च्या सुमारास अशीच हाताने चालणारी तीनचाकी स्वतःसाठी घडविली. पुढे २००४ च्या अथेन्स पॅरालिम्पिकमध्ये हातसायकलींच्या शर्यती झाल्या. पुण्याचे दृष्टिहीन साहसवीर दिव्यांशु गणात्रा यांनी २०१६ मध्ये जोडसायकलीवरून मनाली ते खारदुंग ला हा प्रवास केला.

सतत बसून राहिल्याने वजन वाढते, दम लवकर लागतो, मन खिन्न होते. पॅडल फिरविल्याने हृदय व फुप्फुसे यांना व्यायाम घडतो, दंड बळकट होतात. चाकाच्या खुर्चीची कडी ढकलण्यापेक्षा हा श्रम खांद्यांना कमी जाचतो. आणि कोणाच्या आधारावाचून घराबाहेर पडता येते, हा लाभ तर कोणत्याही औषधात नाही.

आमच्या शाळेत असा एक विद्यार्थी होता. वडील त्याला खांद्यावरून आणीत. सरकारी योजनेतून तीनचाकी मिळाली आणि तो एकटा येऊ लागला. त्याचा चेहराच पालटला. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलाने साखळी गंजून गाडी अडली. तो येईनासा झाला, आणि आम्ही हजेरीपटावर निमूटपणे 'गैरहजर' लिहीत राहिलो. दोन महिन्यांनी त्याच्या घरी गेलो, तेव्हा गाडी ओसरीत पडलेली दिसली. चौकातल्या सायकलवाल्याने ती अर्ध्या तासात चालू केली. त्या अर्ध्या तासाची लाज आम्हांस अजून वाटते.

म्हणून वाचकांस विनंती, की आपल्या आप्तेष्टांत वा शेजारी अशी गाडी असेल तर साखळीला वेळच्या वेळी तेल घालावे, बैठकीवर जाड गादी द्यावी, आणि त्वचेला जखम होऊ नये म्हणून मधूनमधून बैठक बदलण्यास सांगावे. आरंभ थोड्या अंतराने व डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा. पोलिओने दुबळ्या झालेल्या स्नायूंना अतिश्रम सोसत नाहीत.

गाडी देणारे हात पुष्कळ असतात. ती चालती राहील हे पाहणारे हात आपले असावेत.