व्हिडिओ गेममधील ध्वनिरचना आणि तिचे शिक्षण : कर्नाळ्याच्या निमित्ताने

चित्रपटाचे संगीत आणि व्हिडिओ गेमचे संगीत ही वरवर पाहता एकाच जातीची भासली, तरी त्यांत एक मूलभूत भेद आहे. चित्रपटातील प्रसंग किती सेकंद चालणार, हे संगीतकारास आधीच ठाऊक असते. गेममध्ये तोच प्रसंग एक खेळाडू अर्ध्या मिनिटात आटोपतो, तर दुसरा त्याच दारापाशी दहा मिनिटे घुटमळतो. काळाची सूत्रे येथे रचनाकाराच्या हाती नसून खेळणाऱ्याच्या हाती असतात. म्हणून या विद्येच्या अभ्यासकास केवळ सुरावट रचता येऊन भागत नाही. ती केव्हा व कोणत्या नियमाने पालटावी, हेही त्याला ठरवावे लागते.

या नियमाचे अगदी साधे रूप १९७८ सालच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या जपानी गेममध्ये आढळते. त्यात चार खालचे स्वर एकामागून एक अखंड वाजत राहतात आणि शत्रूंची चाल वाढते तसतशी त्यांची लयही वाढते. संगीत म्हणून ही सामग्री अत्यल्प होय. परंतु खेळातील स्थिती आणि ध्वनी यांचा प्रत्यक्ष संबंध तेथे जोडला गेला. पुढे १९९१ साली ‘मंकी आयलंड २’ या गेमसाठी मायकेल लँड व पीटर मॅककॉनेल यांनी ‘आयम्यूझ’ ही प्रणाली वापरली. तीमुळे एका स्थळाचे संगीत दुसऱ्या स्थळाच्या संगीतात मध्येच न तुटता मिसळू लागले. आज ‘एफमॉड’ व ‘वाइज’ यांसारख्या संगणकप्रणाली हेच कार्य करतात.

त्यांच्या साहाय्याने होणाऱ्या रचनेचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिला थरांचा. तंबोरा, तबला, बासरी इत्यादी वाद्ये स्वतंत्रपणे मुद्रित करून ती एकत्र चालू ठेवावयाची आणि संकट जवळ येईल तसा एकेक थर ऐकू येऊ द्यावयाचा. दुसरा प्रकार वळणाचा. यात एका खंडातून दुसऱ्या खंडात योग्य जागी प्रवेश करावयाचा असतो.

ही ‘योग्य जागी’ म्हणजे कोठे, हे त्रितालाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. मिनिटास १२० मात्रा अशी लय धरली, तर सोळा मात्रांचे आवर्तन ८ सेकंदांत पूर्ण होते. समजा, सहाव्या मात्रेच्या आरंभी शत्रू समोर ठाकला. संगीत समेवरच पालटावयाचे ठरविले, तर ११ मात्रा, म्हणजे साडेपाच सेकंद थांबावे लागेल. तोवर प्रसंग कदाचित संपूनही गेलेला असेल. पुढील विभागाच्या आरंभी, म्हणजे नवव्या मात्रेवर पालटले, तर विलंब दीड सेकंदाचा. आणि पुढच्याच मात्रेवर पालटले, तर अवघा अर्ध्या सेकंदाचा. विलंब जितका कमी, तितका तालाचा आकार अधिक भंगतो. तत्परता आणि डौल यांतील ही निवड प्रत्येक प्रसंगी नव्याने करावी लागते.

मैफलीत तबलावादक अशी निवड क्षणार्धात करतो. त्यामुळे रागसंगीताचे शिक्षण घेतलेल्या विद्यार्थ्यास या विद्येत मोठी अनुकूलता आहे. मात्र हे साम्य फार ताणू नये. तबलावादक गायकाचे मन ओळखतो. यंत्राला केवळ अंतर, वेग, उरलेली शक्ती असे आकडे कळतात. वादकाने सहज केलेला निर्णय येथे आधीच विचार करून नियमाच्या रूपाने लिहून ठेवावा लागतो.

संगीताइतकेच महत्त्व इतर ध्वनींना आहे. एकच पदरव शंभरदा ऐकविला, तर तो चौथ्या-पाचव्या पावलालाच कृत्रिम वाटू लागतो. यास्तव एका प्रकारच्या जमिनीवरील अनेक पावले मुद्रित करून ती अनियत क्रमाने, स्वर व तीव्रता किंचित बदलून वाजविली जातात. हे ध्वनी तयार संग्रहांतून विकत मिळतात. परंतु परदेशातील अरण्यात मुद्रित केलेला ध्वनी सह्याद्रीच्या दृश्याखाली घातला, तर चित्र येथील आणि कान तेथला, अशी विसंगती उत्पन्न होते.

पनवेलच्या विद्यार्थ्यास याचा पाठ घराजवळच मिळू शकतो. तेथून सुमारे १२ किलोमीटरवर कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे. त्याची स्थापना १९६८ साली झाली. शीळ कस्तूराची दीर्घ शीळ मुख्यतः पावसाळ्यात ऐकू येते, तर दयाळाचे गाणे उन्हाळ्यात बहरते. रागाला जशी वेळ, तसा या स्वरांना ऋतू आहे. मार्गशीर्षातल्या रात्रीच्या दृश्यात दयाळ भरात गाऊ लागला, तर जाणत्याचा कान तात्काळ अडखळेल. मुद्रणासाठी पहाट उत्तम. मात्र मुद्रित आवाज ऐकवून पक्ष्यांना फसवू नये. त्यामुळे त्यांच्या विणीत व्यत्यय येतो.

या अभ्यासात विलंब परवडणारा नाही. मुंबई-गोवा महामार्ग या अभयारण्यातूनच जातो आणि मालमोटारींची घरघर बहुतेक मुद्रणांत उतरते. तिचा खालचा भाग यंत्राने गाळता येतो. पण तीत बुडालेली दूरची बारीक शीळ परत मिळविता येत नाही. त्यात २०२५ साली तालुक्यात उलवे येथे नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. आज सुलभ असलेली शांतता उद्याही तशीच राहील, असे गृहीत धरता येत नाही.

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने निर्माण केलेला ‘राजी’ हा प्राचीन भारताच्या पार्श्वभूमीवरील गेम २०२० साली प्रकाशित झाला. त्याचे संगीतकार लिनॉस त्झेलॉस हे ग्रीक आहेत. यात गैर काहीच नाही. कलेला देशाची सीमा नसते. परंतु असे गेम महाराष्ट्रात निर्माण होऊ लागले असता येथील ताल व येथील रान जाणणाऱ्या अभ्यासकास कार्यक्षेत्र खुले झाले आहे, एवढे यावरून निश्चित दिसते. संगणकप्रणाली थोड्या महिन्यांत आत्मसात होते. कान तयार होण्यास मात्र ऋतुचक्राचे एक आवर्तन तरी द्यावे लागते, आणि शिक्षणक्रमात प्रथम स्थान त्यालाच असावयास हवे.