टाइप १ मधुमेह: रात्री झोपेत साखर कमी झाली तर काय करावे?

सातवीत शिकणाऱ्या एका मुलाला घेऊन त्याची आई दवाखान्यात आली. उपाशीपोटी साखर ३४०, लघवीत किटोन. त्याला त्याच दिवशी दाखल करावे लागले. खोदून विचारल्यावर आईने सांगितले, "महिन्यापूर्वी रात्री अडीच वाजता हा घामाने ओलाचिंब होता, काहीतरी असंबद्ध बडबडत होता. साखर बघितली तर ४६. तेव्हापासून मी रात्रीचं इन्सुलिन अर्धंच देते. कधी कधी देतच नाही."

या आईला मी दोष देत नाही. रात्रीची भीती खरी असते. पण टाइप १ मधुमेहात शरीर स्वतः जवळजवळ इन्सुलिन बनवतच नाही. त्यामुळे रात्रीचे इन्सुलिन बंद केले, की काही तासांतच किटोन वाढू लागतात आणि तेही जिवावर बेतू शकते. रात्री साखर का उतरते, ती कशी ओळखायची आणि घरात काय तयारी ठेवायची हे कळले, तर इन्सुलिन न चुकवताही ही भीती बरीच कमी करता येते.

साखर किती झाली म्हणजे 'कमी'?

* ७० मिग्रॅ/डेसिलिटरपेक्षा कमी: लगेच गोड घ्यावे.
* ५४ पेक्षा कमी: मेंदूवर परिणाम होऊ लागतो. विलंब नको.
* रुग्ण स्वतः काही खाऊ-पिऊ शकत नाही, दुसऱ्याची मदत लागते: आकडा कितीही असो, ही तातडीची अवस्था आहे.

रात्रीच धोका जास्त का?

दिवसा साखर उतरली की छातीत धडधडते, हात थरथरतात, भूक लागते. हे शरीराने दिलेले इशारे असतात. गाढ झोपेत हे इशारे क्षीण होतात आणि रुग्णाला जाग येईलच असे नाही. शिवाय जेवणानंतर सात-आठ तास पोटात काही जात नाही. त्यात पुढीलपैकी एखादे कारण जुळून आले, की साखर उतरते:

* इन्सुलिनचा जोर मध्यरात्री येणे. एनपीएच किंवा ३०/७० मिश्रण रात्री आठला घेतले, तर त्याचा सर्वाधिक परिणाम साधारण मध्यरात्र ते पहाटेच्या दरम्यान होतो.
* संध्याकाळचा खेळ किंवा व्यायाम. थकलेले स्नायू नंतर कित्येक तास रक्तातील साखर ओढून घेत राहतात. खो-खो, फुटबॉल, विसर्जन मिरवणुकीतला नाच किंवा नवरात्रातील गरबा, याचा परिणाम पहाटेपर्यंत दिसू शकतो.
* इन्सुलिन घेतले, पण जेवण कमी झाले. लग्नात पंगत उशिरा बसली, उपवास होता, मूल जेवता जेवता झोपले.
* डोसवर डोस. झोपताना साखर जास्त दिसली म्हणून, जेवणाआधीचे इन्सुलिन अजून काम करत असतानाच पुन्हा इन्सुलिन घेणे.
* मद्यपान. यकृत रात्री थोडी थोडी साखर रक्तात सोडत असते. दारूमुळे हे काम मंदावते.
* गाठीच्या जागी इंजेक्शन. एकाच जागी वारंवार टोचल्याने त्वचेखाली मऊ गाठ होते. तिथून इन्सुलिन कधी कमी तर कधी जास्त शोषले जाते.

सिरिंज आणि बाटली आजच तपासा

आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतेत मिळते: ४० युनिट प्रति मिली (बहुतेक बाटल्या) आणि १०० युनिट प्रति मिली (पेनचे कार्ट्रिज व काही बाटल्या). ४० च्या सिरिंजचे झाकण लाल असते, १०० च्या सिरिंजचे नारिंगी. १०० चे इन्सुलिन चुकून ४० च्या सिरिंजने घेतले, तर डोस अडीचपट होतो. म्हणजे १० युनिटच्या जागी २५ युनिट. पेन बिघडला म्हणून कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन ओढताना हीच चूक होते. बाटलीवरील आणि सिरिंजवरील आकडा जुळलाच पाहिजे. दुकानदाराने वेगळी बाटली दिली असेल तर घेण्याआधी विचारा.

झोपेत साखर उतरली हे घरच्यांनी कसे ओळखावे?

* अंग गार आणि घामाने ओले, कपडे किंवा उशी भिजलेली
* अस्वस्थ झोप, दचकणे, वाईट स्वप्ने, रडणे, बडबड
* हाक मारली तर नीट उत्तर न देणे, चिडणे, गोंधळणे
* सकाळी उठताना डोके जड, थकवा, झोप पूर्ण न झाल्यासारखे वाटणे

यांपैकी काही दिसले तर लगेच ग्लुकोमीटरने साखर तपासा. मीटर हाताशी नसेल, तर शोधत बसू नका. आधी गोड द्या.

रुग्ण जागा आहे आणि गिळू शकतो: १५ चा नियम

१. उठवून बसवा. लवकर रक्तात उतरणारी १५ ग्रॅम साखर द्या. यांपैकी कोणतीही एक गोष्ट पुरेशी आहे:
   * तीन-चार चहाचे चमचे साखर अर्धा ग्लास पाण्यात विरघळवून
   * ग्लुकोज पावडर, साधारण तीन भरलेले चहाचे चमचे, पाण्यातून
   * सुमारे १५० मिली फळांचा रस किंवा साधे कोल्ड्रिंक ('डाएट' नको)
   * एक मोठा चमचा मध (एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये)

२. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढेच पुन्हा द्या.

३. साखर ७० च्या वर गेल्यावर, सकाळ दूर असेल तर एक कप दूध, दोन-तीन बिस्किटे किंवा अर्धी पोळी द्या.

४. झोपण्यापूर्वी तासाभराने आणखी एकदा तपासा.

लहान मुलांना वजनानुसार कमी लागते, साधारण दर किलोमागे ०.३ ग्रॅम. म्हणजे २० किलोच्या मुलाला सुमारे ६ ग्रॅम. पेढा, चॉकलेट, लाडू यांतील तुपामुळे आणि स्निग्धतेमुळे साखर हळू चढते, म्हणून पहिला उपाय म्हणून ते नकोत.

रुग्ण बेशुद्ध आहे किंवा झटके येत आहेत

* तोंडात काहीही घालू नका. पाणी, साखर, मध, काहीच नाही. ते श्वासनलिकेत जाऊ शकते.
* एका कुशीवर वळवा.
* घरात ग्लुकॅगॉन असेल आणि शिकवलेले असेल, तर मांडीत द्या: १ मिग्रॅ, २५ किलोखालील मुलांना ०.५ मिग्रॅ.
* १०८ ला फोन करा, किंवा वाहन हाताशी असेल तर जवळच्या रुग्णालयात न्या. तिथे शिरेतून ग्लुकोज देतात. पोहोचताच 'टाइप १ मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे' हे सांगा.
* शुद्धीवर आल्यावर आणि गिळता येऊ लागल्यावर गोड व खाणे द्या. उलटी होऊ शकते, त्यामुळे कुशीवरच ठेवा.

ग्लुकॅगॉन सगळीकडे सहज मिळत नाही. तुमच्या गावात ते कुठे मिळते आणि रात्री कोणते रुग्णालय उघडे असते, हे आजच विचारून ठेवा.

साखर उतरू नये म्हणून झोपण्यापूर्वी

* रोज झोपताना साखर तपासा. बहुतेकांसाठी १०० ते १८० च्या दरम्यान ठीक असते. तुमचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या.
* १०० च्या खाली असेल तर थोडे खाऊन मगच झोपा.
* संध्याकाळी जास्त खेळ झाला असेल तर झोपताना खाणे वाढवा आणि रात्री दोन-तीनच्या सुमारास एकदा तपासा. अशा दिवशी डोस किती कमी करायचा, हे आधीच डॉक्टरांशी ठरवा.
* मध्यरात्रीनंतर डोस द्यावा लागत असेल तर शक्यतो फोनवर सल्ला घ्या.
* उशाशी एक डबा ठेवा: ग्लुकोज पावडर, चमचा, पाण्याची बाटली, ग्लुकोमीटर, पट्ट्या, टॉर्च. झाकण घट्ट हवे, नाहीतर मुंग्या आधी पोहोचतात.

सेन्सर वापरत असाल तर कमी साखरेचा अलार्म रात्री बंद करू नका. सेन्सर असलेल्या हातावर झोपल्यास आकडा खोटा कमी दिसू शकतो. शंका आली तर बोटातून रक्त घेऊन तपासा.

सकाळची साखर जास्त, म्हणून रात्रीचा डोस वाढवावा का?

आधी सलग दोन-तीन रात्री पहाटे तीनची साखर पाहा.

* तीनला कमी: डोस वाढवणे धोक्याचे आहे. डोस, त्याची वेळ किंवा इन्सुलिनचा प्रकार बदलावा लागेल.
* तीनला ठीक, सकाळी जास्त: पहाटे शरीरातील काही संप्रेरके वाढतात, त्याचा हा परिणाम असू शकतो.
* तीनलाही जास्त: रात्रीचे इन्सुलिन कमी पडते आहे किंवा जेवणाचा हिशेब चुकतो आहे.

हे आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. त्यांच्याशिवाय डोसचा निर्णय अंदाजाने होतो.

डॉक्टरांना लवकर कधी भेटावे?

* रात्री साखर ५४ च्या खाली गेली किंवा दुसऱ्याची मदत लागली, एकदा जरी
* आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा रात्री साखर ७० च्या खाली गेली
* साखर उतरली तरी पूर्वीसारखी लक्षणे जाणवत नाहीत

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. साखर वारंवार उतरली की शरीर इशारा देणेच सोडून देते. काही आठवडे साखर कमी होऊ दिली नाही, तर हे इशारे बऱ्याच जणांत परत येतात. त्यासाठी डोस बदलावा लागतो. एनपीएचऐवजी दीर्घकाळ सारखेपणाने काम करणारे इन्सुलिन किंवा पंप योग्य ठरेल का, हे मधुमेहतज्ज्ञ सांगतील.

त्या मुलाला मी तज्ज्ञांकडे पाठवले. त्याचे रात्रीचे इन्सुलिन बदलले आणि खेळाच्या दिवसाचा वेगळा डोस कागदावर लिहून दिला गेला. तो कागद आता त्यांच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. तुमच्या घरीही असा कागद असू द्या, आणि भीती वाटली तर इन्सुलिन कमी करण्याआधी आम्हाला फोन करा.