विश्लेषण : मोठ्या नोंदींपुढे डेटाबेसची ‘आपोआप सफाई’ का अडखळते?

ॲपमधील नोंदी तेवढ्याच, पण सर्व्हरची डिस्क मात्र दिवसेंदिवस भरत चालली, असे का होते? ‘पोस्टग्रेस’ या मुक्त डेटाबेसमध्ये त्याचे उत्तर अनेकदा उशिरा होणाऱ्या सफाईत सापडते. डिस्क पूर्ण भरली की नव्या नोंदी घेणे थांबते आणि सेवाच कोलमडते.

कचरा येतो कुठून?

पोस्टग्रेसमध्ये नोंद बदलली की नवी प्रत वेगळी लिहिली जाते. जुनी लगेच पुसली जात नाही. ती वाचत असलेल्या दुसऱ्या वापरकर्त्याला अडथळा येऊ नये, हा त्यामागचा हेतू. अशा निरुपयोगी प्रतींची जागा ‘ऑटोव्हॅक्यूम’ मोकळी करते. २००८ मधील ८.३ आवृत्तीपासून ही यंत्रणा मुळातच सुरू असते.

मोठ्या नोंदींची अडचण काय?

डेटाबेसचे एक पान ८ केबीचे. नोंद साधारण २ केबीपेक्षा मोठी झाली की तिच्यातील मोठा मजकूर आकुंचित केला जातो आणि तरीही न मावल्यास तुकडे करून ‘टोस्ट’ नावाच्या जोडटेबलमध्ये ठेवला जातो. सफाई कधी करायची हे मात्र आकारावर नव्हे, तर संख्येवर ठरते : ५० अधिक एकूण नोंदींच्या २० टक्के. प्रत्येकी १ एमबीच्या १ लाख नोंदी असतील, तर टेबल सुमारे १०० जीबीचे होते. म्हणजे जवळपास २० जीबी कचरा साचेपर्यंत ऑटोव्हॅक्यूम हलतच नाही. टोस्टमध्ये तुकड्यांची मोजणी स्वतंत्र होते, पण टक्केवारी तीच.

उपाय कोणते?

संपूर्ण डेटाबेसची सेटिंग न बदलता फक्त त्या टेबलसाठी ‘स्केल फॅक्टर’ ०.२ वरून ०.०१ करता येतो. मग वरील उदाहरणात सुमारे १ जीबी कचऱ्यावरच सफाई सुरू होते. टोस्टसाठी वेगळा आकडा दिला नाही, तर मूळ टेबलचाच लागू होतो. सफाई सुरू होऊनही रेंगाळत असेल, तर डिस्कची क्षमता पाहून २०० ही ‘कॉस्ट लिमिट’ वाढवावी.

काय लक्षात ठेवावे?

तासन्तास उघडा राहिलेला व्यवहार सफाई रोखून धरतो. तो आधी शोधावा. सफाईनंतर फाइल सहसा लहान होत नाही, जागा फक्त पुन्हा वापरता येते. ‘व्हॅक्यूम फुल’ने फाइल आटते, पण तोवर टेबलला कुलूप लागते. शिवाय ‘पीजी_स्टॅट_यूजर_टेबल्स’मध्ये टोस्ट दिसत नाही. खरा कचरा पाहायचा, तर ‘पीजी_स्टॅट_ऑल_टेबल्स’ तपासावे.