आपल्या गावचे उत्तर आपल्याच गावात

नवे बियाणे कोणाच्या तरी वावरात उगवलेले पाहिल्याशिवाय तुम्ही त्यावर भरवसा ठेवीत नाही. जमिनीचा गुण बी विकणाऱ्यापेक्षा कसणाऱ्यालाच अधिक ठाऊक असतो. आरोग्याच्या संशोधनाचेही तसेच आहे.

गडचिरोली जिल्ह्याचे उदाहरण घ्या. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी तेथे १९८६ साली काम सुरू केले. दवाखाना कसा हवा, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, असे लोकांनी सांगितले. म्हणून दवाखाना झोपड्यांसारखा बांधला गेला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले.

त्या भागात तेव्हा जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे ६२ बाळे महिनाभरातच दगावत. बाळंतपणे घरीच होत आणि इस्पितळ दूर. मग ३९ गावांतल्या, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना शिकवून तयार केले. त्या घरोघर जाऊन बाळाचे वजन करीत, श्वास मोजीत, बाळाला ऊब कशी द्यावी हे आईला व आजीला दाखवीत. बाळाला जंतुदोष झाला आणि घरचे इस्पितळात नेईनात, तर त्यांच्या संमतीने इंजेक्शनही देत. प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवीत. शेजारच्या ४७ गावांतल्या आकड्यांशी या नोंदी ताडून पाहिल्या. १९९८ पर्यंत या ३९ गावांतले मृत्यू हजारी सुमारे २५ वर आले.

हे संशोधन १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुढे २०११ साली सरकारने देशभरच्या आशाताईंना हेच काम दिले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात, त्यामागे गडचिरोलीच्या आयाबायांची मेहनत आहे.

तेव्हा तुमच्या दारी कोणी आरोग्याची पाहणी करायला आले, रक्ताचा नमुना मागू लागले, तर घाबरू नका आणि मुकाट्याने अंगठाही उठवू नका. हे कशासाठी? धोका काय? निष्कर्ष गावाला केव्हा सांगणार? असे खुशाल विचारा. आपल्याला कळेल अशा भाषेत उत्तर मिळणे हा तुमचा हक्क आहे. नको वाटले तर नकार देता येतो, मधूनही बाहेर पडता येते. आणि पटले, तर मात्र खरी माहिती द्या. घरातले दुखणे लपवले, तर त्यावरचे औषध सापडणार कसे?

पुढच्या ग्रामसभेत हा विषय जरूर काढा. घरच्या बायकांनाही सोबत न्या. बाळाच्या दुखण्याची पहिली खूण त्यांनाच दिसते.