मांजराचा घसा बसला, धाप लागली तर



गाई-म्हशींच्या घटसर्पाबद्दल आपण दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ऐकता, लसही टोचून घेता. मांजराच्या घशाबद्दल मात्र कोणी बोलत नाही. मांजर खोकू लागले की "मांजरच ते, होईल आपोआप बरे" म्हणून आपण सोडून देतो. पण चंद्रपूर-गडचिरोली हा धानाचा मुलूख. दिवाळीनंतर धान ढोलीत पडले की उंदीर आणि घुशी मागोमाग घरात येतात. त्या वेळी रात्रीची राखण मांजरच करते. शिवाय मांजराचा घसा बिघडणे ही कधी साधी सर्दी असते, तर कधी घरातल्या माणसांच्या जिवावर बेतणाऱ्या रोगाची खूण असते. म्हणून ही माहिती नीट वाचा. औषध पशुवैद्यानेच द्यायचे. पण दुखणे ओळखणे आणि वेळेवर हालचाल करणे हे काम आपले आहे.

श्वास कसा मोजावा?

मांजर झोपलेले असताना त्याच्या कुशीकडे पाहा. कूस एकदा वर आली आणि खाली गेली की एक श्वास धरा. घड्याळ लावून १५ सेकंद मोजा आणि आलेल्या आकड्याला ४ ने गुणा. निरोगी मांजर विसाव्यात मिनिटाला साधारण २० ते ३० श्वास घेते. आकडा ४० च्या वर जात असेल तर काहीतरी बिघडले आहे. कुत्रे जीभ बाहेर काढून धापा टाकते, ते त्याला नैसर्गिक आहे. मांजराचे तसे नाही. मांजर तोंड उघडून, मान लांब करून श्वास घेत असेल, हिरड्या निळसर किंवा पांढऱ्या पडल्या असतील, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

सर्दी-पडसे

शिंका, नाकातून शेंबूड, डोळ्यांना चिपडे, आवाज बसणे, तोंडात फोड आणि लाळ, ही मांजराच्या पडशाची लक्षणे. हा रोग बहुधा विषाणूंमुळे होतो. एका मांजराकडून दुसऱ्याला तो लगेच लागतो, माणसाला लागत नाही. म्हणून आजारी मांजर वेगळे ठेवा, त्याची ताटली वेगळी ठेवा. अर्धा लिटर कोमट उकळलेल्या पाण्यात एक सपाट चमचा मीठ घालून स्वच्छ कापसाने डोळे व नाक दिवसातून दोन-तीनदा पुसा. नाक बंद झाले की मांजराला वास येत नाही, आणि वास नाही आला तर ते खात नाही. त्यासाठी शिजवलेले मासे किंवा कोंबडीचे मऊ तुकडे कोमट करून, बिनमसाल्याचे द्या. मोठे मांजर दोन दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतावर परिणाम होऊ लागतो. लहान पिलू तर एक दिवसही थांबू शकत नाही.

बळजबरीने तोंडात दूध किंवा काढा ओतू नका. तो श्वासनळीत उतरतो आणि साध्या सर्दीचा फुप्फुसदाह होतो.

घशात काही अडकले तर

आपल्याकडे मामा तलावांची आणि वैनगंगेची मासळी घरोघरी येते. काटे उकिरड्यावर पडतात आणि मांजर ते खाते. अचानक लाळ गळणे, पंजाने तोंड खाजवणे, घास गिळता न येणे, ही अडकल्याची लक्षणे. सुईदोरा गिळल्यावरही असेच होते. तोंडातून दोरा लोंबत असेल तर तो ओढू नका. त्याचे दुसरे टोक आतड्यात असू शकते आणि ओढल्याने आतडे कापले जाते. काटा काढण्यासाठी तोंडात बोट घालू नका. असे का, ते पुढे सांगितले आहे.

मांजर अंग चाटते, त्यामुळे केसांचा गोळा पोटात होतो आणि ओकारी काढून ते तो बाहेर टाकते. हे अधूनमधून झाले तर काळजी नाही. मात्र जमिनीला अंग टेकवून, मान पुढे काढून कोरडा खोकला वारंवार येत असेल आणि बाहेर काहीच पडत नसेल, तर तो दम्याचा खोकला असू शकतो. चुलीचा धूर, मळणीची धूळ, धानाचा कोंडा यांनी तो वाढतो. मांजराची झोपायची जागा चुलीपासून व कोंड्याच्या पोत्यांपासून दूर करा. उंदीर खाणाऱ्या मांजराला जंतही होतात, आणि जंतांची पिले फुप्फुसातून जाताना खोकला आणतात. पशुवैद्याकडून वजनाप्रमाणे दर तीन महिन्यांनी जंताचे औषध घ्या.

उंदरांचे विष

बांधावर किंवा घरात उंदरांसाठी विष ठेवले असेल आणि मांजराला एकाएकी धाप लागली, तर सर्दी समजून थांबू नका. काही विषांनी छातीत रक्तस्राव होतो. विषाच्या पुडीचे वेष्टण बरोबर घेऊन दवाखान्यात जा, त्यावरून उतारा ठरतो. विष ठेवलेल्या दिवसांत मांजर घरात बांधा आणि मेलेले उंदीर पुरून टाका.

हे कधीही देऊ नका

माणसाच्या तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष आहे. तिने रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते आणि एक गोळीही जीव घेऊ शकते. छातीला बाम, कापूर किंवा निलगिरीचे तेल चोळू नका. मांजर ते चाटते. बैलासाठी आणलेले उरलेले औषध अंदाजाने देऊ नका.

पिसाळलेले मांजर

आवाज एकदम बदलणे, जबडा लोंबणे, लाळ गळणे, पाणी गिळता न येणे, आणि त्याबरोबर गरीब मांजर अंगावर येणे किंवा कोपऱ्यात दडून बसणे. ही रेबीजची लक्षणे असू शकतात. या रोगात घशाचे स्नायू लुळे पडतात, म्हणून "काटा अडकला" असा समज होतो आणि माणूस तोंडात बोट घालतो. रोगाची लक्षणे उमटल्यावर त्यावर इलाज नाही. असे मांजर चावले, ओरबाडले किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर साबण आणि वाहत्या पाण्याने ती जागा १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करा आणि सांगितलेल्या सर्व तारखा पाळा.

कोंबडीचा रोग मांजराला

चंद्रपूर जिल्ह्यातून नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात नेलेले ३ वाघ आणि तिथलाच १ बिबट्या डिसेंबर २०२४ मध्ये दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेने जानेवारी २०२५ मध्ये बर्ड फ्लूचे निदान केले. त्याच महिन्यात ब्रह्मपुरी तालुक्यातील मांगली येथे कोंबड्यांत हा रोग आढळला, आणि शेजारच्या छिंदवाड्यात घरगुती मांजरांतही तो सापडला. वाघ आणि मांजर एकाच कुळातले. जे वाघाला भोवले ते आपल्या मांजरालाही भोवू शकते. म्हणून मांजराला कच्ची कोंबडी, आतडी, पिसे घालू नका, नीट शिजवूनच द्या. कोंबड्या भराभर मरू लागल्या तर त्या मांजरापुढे किंवा जंगलाच्या कडेला टाकू नका. हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

लस आणि वाहतूक

पिलू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचा आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्या मुदतीने ती परत टोचून घ्या. पडशावरचीही लस आहे. ती आठव्या आठवड्यापासून सुरू करता येते, तालुक्याच्या दवाखान्यात चौकशी करा.

धाप लागलेले मांजर धरून ओढू नका, घाबरले की श्वास आणखी कोंडतो. एका बांबूच्या टोपलीत फडके घालून त्यात ठेवा, वरून दुसरी टोपली पालथी बांधा आणि सावलीतून शांतपणे न्या.

आज रात्री जेवण झाल्यावर आपल्या मांजराचे श्वास एकदा मोजून ठेवा. निरोगी असताना आकडा माहीत असेल, तरच आजारपणात फरक कळेल.